रकान्यातलं शून्य

आमच्या फॉर्मवर आधी वेळ लिहायची, मग दिशा, मग ऐकलं की पाहिलं, मग नर, मादी की कळलं नाही, आणि सगळ्यात शेवटी संख्या. पेन्सिलनेच लिहायचं, कारण पहाटेच्या थंडीत पेन चालत नाही. वेळ मिनिटासकट लिहायची, सव्वासहा असं नाही, 6:14 असं. हे मिनिट का लागतं ते पुढे सांगते.

तर विषय असा की गेली चार वर्षं मी मार्चअखेरच्या एका शनिवारी पहाटे ॲरिझोनाच्या दक्षिण टोकाला वाचूका नावाच्या डोंगरात एका घळीच्या तोंडाशी बसून जंगली टर्की मोजते. मोजते म्हणजे बहुतेक वेळा ऐकते. मी सोलापूरची, अकरा वर्षांपासून टूसॉनमध्ये राहते, आणि टर्की म्हटलं की आपल्या लोकांना थँक्सगिव्हिंगच्या टेबलावरचा तो भाजलेला गोळाच आठवतो, त्यामुळे फोनवर घरी सांगितलं की पहिला प्रश्न हाच येतो की अगं ती तर पोल्ट्रीत असते ना. नाही. ही जी आहे ती गूल्ड्स टर्की, लांब पायांची, उंच, शेपटीच्या पिसांना पांढरीशुभ्र किनार असलेली, आणि जंगली टर्कीच्या सगळ्या उपजातींत अंगापिंडाने सगळ्यात मोठी. मूळची मेक्सिकोच्या सिएरा माद्रे डोंगररांगेतली, आणि त्या रांगेची उत्तरेकडची शेवटची बोटं जिथे अमेरिकेत येतात तिथपर्यंतच ती पोचते. जॉन गूल्डने 1856 साली मेक्सिकोतल्या पक्ष्यावरून तिचं वर्णन केलं. हा तोच गूल्ड, ज्याने त्याआधी हिमालयातल्या पक्ष्यांवर मोठं चित्रांचं काम केलं होतं आणि ज्याच्या बायकोच्या नावाचा एक सूर्यपक्षी आजही हिमालयात आहे.

वाळवंटात टर्की कशी हा दुसरा प्रश्न. इथले डोंगर बघितल्याशिवाय ते पटत नाही. टूसॉनमधून निघालं की आधी सग्वारो निवडुंग, मग ते मागे पडतात आणि पिवळं गवत लागतं, युक्का आणि मेस्किटची झुडपं, आणि त्या सपाटीतून एकदम डोंगर उठतो, जसा समुद्रातून बेट उठावं तसा. म्हणून यांना स्काय आयलंड्स म्हणतात, आकाशातली बेटं. वर चढत जाल तसे ओक, मग ॲलिगेटर ज्युनिपर, ज्याची साल खरंच मगरीच्या पाठीसारखी चौकड्याचौकड्यांची असते, ओढ्याकाठी पांढऱ्या खोडाचे सिकामोर आणि अगदी वर पाइन. वाचूकाचं सर्वांत उंच शिखर मिलर पीक, 9,466 फूट. आपलं कळसूबाई 5,400 फूट, म्हणजे मी जिथे गाडी लावते आणि फोल्डिंग खुर्ची टाकते ती जागाच कळसूबाईच्या माथ्याएवढी उंच आहे आणि डोंगर तिथून पुढे सुरू होतो. टर्कीला जे हवं ते सगळं या बेटावर आहे, खायला ओकची फळं आणि ज्युनिपरच्या बिया, पावसाळ्यानंतर नाकतोडे, रात्री झोपायला उंच झाडं, आणि एखाद्या घळीत टिकून राहिलेलं पाणी. खालच्या सपाटीवर यातलं जवळजवळ काहीच नाही. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला तिला मधलं उघडं गवत ओलांडावं लागतं, ते ती सहसा करत नाही, आणि म्हणूनच एका डोंगरातून संपली की संपली, शेजारच्या डोंगरातून आपोआप परत येत नाही.

आणि ती संपलीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे खाणी आल्या, सैन्य आलं (फोर्ट वाचूका 1877 चा), वस्त्या आल्या, आणि एवढ्या माणसांना मांस लागायचं. कुठला सीझन नाही, कुठली मर्यादा नाही. झाडावर रांगेत झोपलेला मोठा पक्षी, चांदण्यात दिसतो, त्याला मारायला कौशल्य लागत नाही. विसाव्या शतकाची पहिली काही वर्षं उलटेपर्यंत ॲरिझोनातली गूल्ड्स टर्की नाहीशी झाली. मध्ये 1950 च्या सुमारास उत्तरेकडच्या पाइनच्या जंगलातली वेगळी उपजात, मेरियम्स, इथे आणून सोडून बघितली, ती काही धड टिकली नाही, जागा तिची नव्हती. मग 1980 च्या दशकात दोन खेपांत मेक्सिकोतून खऱ्या गूल्ड्स टर्की आणून फोर्ट वाचूकाच्या हद्दीत सोडल्या, दोन्ही मिळून 20 च्या आसपास पक्षी. एवढेच. त्या वाढल्या तेव्हा त्यातल्या काही पकडून दुसऱ्या डोंगरांत नेल्या, आणखी काही मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातून आणल्या, गालिउरो, चिरिकावा, पिनालेन्यो, सांता कॅटालिना अशी एकेक बेटं भरत गेली, आणि आज आकडा हजाराच्या घरात आहे. मेक्सिकोच्या बाजूने दिल्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं, हे इथे बॉर्डरच्या एवढं जवळ बसून मला दर वर्षी आठवतं. कड्यावर चढलं की मोबाइल कधीकधी मेक्सिकोचं नेटवर्क पकडतो आणि स्वागताचा मेसेज येतो.

आता मोजणी. राज्याच्या गेम अँड फिश खात्याची माणसं आणि नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन, त्यांच्यासोबत आम्ही व्हॉलंटियर. आदल्या संध्याकाळी नकाशावर घळी वाटून दिल्या जातात, दोन-दोन माणसं एका जागी. पहाटे साडेचारला निघायचं, हेडलाइटच्या उजेडात शेवटचा कच्चा रस्ता, मग हेडलॅम्प, तोही लाल उजेडाचा. मला अंधारात चालायची भीती वाटते आणि मी ती लपवत नाही, डिसेंबर 2016 मध्ये याच डोंगरात, फोर्टच्या हद्दीत, ट्रॅप कॅमेऱ्यावर जॅग्वार आला होता, अस्वलं आणि माउंटन लायन तर इथलेच. जागेवर पोचलं की बोलायचं नाही. जॅकेटचा घर्षणाचा आवाज होतो म्हणून हातसुद्धा हलवायचे नाहीत. आणि मग पूर्वेला फटफटायच्या जरा आधी, झाडावरूनच, नर ओरडतो.

तो आवाज लिहून दाखवता येत नाही तरी प्रयत्न करते. मोठ्या घागरीतलं पाणी एकदम ओतलं की जी गडगडगडगड होते ना, तशी, पण ती घागर कुणीतरी रागाने ओतलेली. याला गॉबल म्हणतात. घुबड ओरडलं तरी तो उलट ओरडतो, कावळा ओरडला, ढग गडगडला, लांब कुठे गाडीचं दार आपटलं तरी त्याच्या तोंडून ते निघतं, त्याला थांबवता येत नाही. म्हणून काही जण घुबडाचा आवाज काढून बघतात. माझ्यासोबत जे आजोबा असतात ते हाताच्या ओंजळीत फुंकून इतकं हुबेहूब घुबड काढतात की पहिल्या वर्षी मी झाडात शोधत बसले होते.

आता ते मिनिट. घळीत आवाज आदळतो. पश्चिमेच्या कड्यावरून आलेला आवाज पूर्वेकडून आल्यासारखा वाटतो, आणि शेजारच्या घळीतल्या जोडीलाही तोच नर ऐकू येतो, मग त्यांनी एक लिहिला, आम्ही एक लिहिला, आणि डोंगरात नसलेला एक पक्षी कागदावर जन्माला आला. म्हणून सगळे घड्याळं जुळवून येतात, आणि साडेआठ-नऊला सगळ्या जोड्या खाली एका मैदानात जमतात, गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरतात आणि बसतात ताळा करत. तुमचा 6:14 चा ईशान्येचा, आमचा 6:14 चा नैर्ऋत्येचा, मधला कडा एकच, तर हा एकच पक्षी, खोडा एक. मला हा भाग पहाटेइतकाच आवडतो. सगळे रात्रभर नीट न झोपलेले, थर्मासमधली कॉफी संपलेली, आणि प्रत्येकाच्या मनात असतं की आपला नर खरा ठरावा, पण खोडताना कुणी वाद घालत नाही. खोडलेल्या नोंदीवर फक्त एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे.

पहिल्या वर्षी आमच्या घळीत काहीच ऐकू आलं नाही. ऐकू आला तो 'मेक्सिकन जे' नावाच्या पक्ष्यांचा कलकलाट, सुतारपक्ष्यांची बडबड, आणि दोन हरणं. साडेसात वाजले, उन्हं खोडांवर आली, आणि मला इतकं वाईट वाटलं की एवढ्या लांब येऊन, एवढी थंडी खाऊन, कागद कोरा. 6:20 च्या सुमारास लांबून काहीतरी झालं होतं, ते गॉबल होतं की दगड घरंगळला ते सांगता येत नव्हतं, आणि मी पेन्सिल टेकवून 'ऐकलं, 1' लिहिणार होते. आजोबांनी बघितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, तू कोर्टात शपथेवर सांगशील? मी नाही म्हटलं. मग शून्य लिही, ते म्हणाले, आणि नीट गोल लिही, कोरं ठेवू नकोस.

खाली आल्यावर खात्यातल्या बायोलॉजिस्टने कागद घेतला, शून्य बघितलं आणि थँक यू म्हणाली, अगदी मनापासून. तिने समजावलं की कोरा कागद म्हणजे तिथे कुणी गेलंच नाही, आणि शून्य म्हणजे दोन माणसं तीन तास कान देऊन बसली आणि पक्षी नव्हता, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. त्या घळीतला झरा आधीच्या उन्हाळ्यात आटला होता. शून्यावरून त्यांना पाण्याची टाकी कुठे बसवायची ते कळतं.

हे ऐकलं आणि मला नान्नज आठवलं, आणि मी गाडीत येऊन बसले आणि बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

माझे मामा सोलापुरात शाळामास्तर होते. मी सातवी-आठवीत असताना ते मला नान्नजला न्यायचे, बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर, एसटीने उतरायचं आणि माळावर चालत जायचं. माळढोक बघायला. बी. एस. कुलकर्णी सरांनी 1970 च्या दशकात तिथल्या माळढोकांकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं, आणि 1979 साली अभयारण्य झालं, त्यामुळे सोलापूरच्या मास्तर लोकांत या पक्ष्याबद्दल एक घरचं माणूस असल्यासारखा जिव्हाळा होता. कुसळं पायजम्यात घुसायची, मामा लपणात बसवायचे आणि हाताने गप्प बस खुणवायचे. एकदा मी बघितला, लांब, गवताच्या वर मान काढून चाललेला, एखाद्या उंच म्हाताऱ्या माणसासारखा सावकाश. त्यानंतर दोनदा गेलो, दिसला नाही. मामांची एक वही होती. त्यात तारीख, वेळ, वारा कसा होता, काळवीट किती, आणि माळढोक. त्या दोन्ही दिवशी त्यांनी माळढोकापुढे शून्य काढलं होतं. मी म्हटलं मामा, नाही दिसला तर लिहायचं कशाला. ते म्हणाले, दिसला नाही हे पण आपणच बघितलं ना. परतीच्या एसटीत ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि माझ्याशी बोलले नाहीत.

पुढे काय झालं ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. माळाच्या कडेकडेने पाणी आलं, ऊस आला, द्राक्षं आली, विजेच्या तारा आल्या. तारा हा मोठा घात आहे, जड अंगाचा पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, उडताना थेट तारेवर. आता नान्नजला एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते.

मी कितीतरी वेळा या दोन पक्ष्यांची तुलना करत बसते, आणि दरवेळी एका आकड्यावर येऊन अडते. टर्कीची मादी एका वेळेला दहा-बारा अंडी घालते, 28 दिवस उबवते, पिल्लं दोन आठवड्यांत उडून खालच्या फांदीवर जाऊन बसायला लागतात. त्यातली बरीचशी मरतात, पण एका चांगल्या पावसाळ्यात कळप दुप्पट दिसू शकतो. माळढोकाची मादी वर्षाला साधारण एक अंडं. एक. जमिनीवर, उघड्यावर, ज्यावर कुत्रा, कोल्हा, मुंगूस, गुरांचे खूर, सगळ्यांची नजर. म्हणून कुणी मला म्हणतं की बघा अमेरिकेत कसं जमलं आणि आपल्याकडे का जमत नाही, तेव्हा मला राग येतो. 20 पक्ष्यांतून हजार होतात ते माणसांच्या मेहनतीने होतात हे खरं आहे, मी ती मेहनत बघितली आहे, पण ते त्या दहा-बारा अंड्यांमुळेही होतात. माळढोकाला आपण जेवढा उशीर करू तेवढा त्याला परवडत नाही, टर्कीला परवडला.

दुसरी एक गोष्ट जी मला पचायला वेळ लागला. आमच्यातले निम्मे व्हॉलंटियर शिकारी आहेत. आजोबासुद्धा. या पक्ष्याच्या शिकारीची परवानगी लॉटरीने मिळते, अगदी मोजक्यांना, आणि कित्येक जण वर्षानुवर्षं अर्ज करतात. मी शाकाहारी घरातली, पहिल्या वर्षी हे कळलं तेव्हा मला कळेना की याला काय म्हणावं, ज्याला मारायचं त्याच्यासाठी पहाटे तीनला उठायचं. पण इथे वन्यजीवांच्या कामाचा मोठा पैसा शिकारीच्या लायसन्समधून आणि बंदुका-काडतुसांवरच्या टॅक्समधून येतो, 1937 चा कायदा आहे तसा, आणि पैसा सोडा, पाण्याच्या टाक्या पाठीवरून डोंगरात नेताना मी ज्यांना बघितलं ते हेच लोक होते. मी शिकार करणार नाही, कधीच नाही. पण या डोंगरात टर्कीबद्दल माझ्याहून जास्त कळकळ असलेली माणसं मी भेटले आहे आणि त्यांच्या घरी भिंतीवर पंख लावलेले आहेत, हे दोन्ही मी आता एकत्र धरू शकते.

आजोबांना एकदा मी जहांगीरची गोष्ट सांगितली, त्यांना फार आवडली. 1612 मध्ये जहांगीरने आपला माणूस मुकर्रब खान गोव्याला पाठवला होता, पोर्तुगीजांकडून जे दुर्मीळ मिळेल ते घेऊन यायला, आणि त्याने आणलेल्या प्राण्यांत एक टर्की होता. दरबारात कुणी असला पक्षी बघितलेला नव्हता. बादशहाने स्वतः आठवणींत लिहून ठेवलंय की त्याचं डोकं आणि मान सरड्यासारखे रंग बदलतात, लाल, पांढरा, मग निळा, आणि मग दरबारातला चित्रकार मन्सूर याच्याकडून त्याचं चित्र काढून घेतलं, ते आज लंडनच्या म्युझियममध्ये आहे. मेक्सिकोतला पक्षी, स्पेनमार्गे युरोपात, पोर्तुगीजांच्या जहाजातून गोव्यात, तिथून आग्र्याला. पोर्तुगीजमध्ये त्याला पेरू म्हणतात. इंग्रजांना वाटलं तुर्कस्तानचा, तुर्कांना वाटलं हिंदुस्थानचा, ते त्याला हिंदीच म्हणतात. आजोबा म्हणाले, म्हणजे तुमच्याकडच्या राजाने पण आधी त्याच्याकडे नीट बघितलं आणि मग लिहिलं. मी म्हटलं हो, रंगसुद्धा क्रमाने लिहिले.

या वर्षी हिवाळ्यात बरा पाऊस झाला होता. आम्ही पोचलो तेव्हा ओढ्यात पाण्याचा आवाज होता, चार वर्षांत पहिल्यांदा. 5:52 ला पहिला गॉबल आला, इतक्या जवळून की मला छातीत जाणवला, डोक्यावरच्या सिकामोरमध्येच तो झोपलेला होता आणि आम्ही त्याच्या खाली येऊन बसलो होतो. 5:55 ला त्याला वरच्या घळीतून उत्तर. मग धप धप करत एकेक उतरायला लागले, एवढे जड पक्षी की फांद्या हलतात आणि पंखांचा आवाज चादर झटकल्यासारखा येतो. माद्या मोजताना माझे हात थरथरत होते. पाच. मग गवताच्या उघड्या तुकड्यावर नराने शेपटी फुलवली, पांढरी किनार पूर्ण गोल झाली, डोकं निळं, मान लाल, आणि तो असा सावकाश वळला की प्रत्येकीला दिसावं. आजोबांनी डोळे पुसले. त्यांनी त्या पहिल्या खेपेच्या वेळचा हा डोंगर बघितलेला आहे, तेव्हा त्यांचं वय आज माझं आहे तेवढं होतं.

खाली ताळा करताना वरच्या घळीतला नर खोडला गेला, दुसऱ्या जोडीनेही त्याच मिनिटाला तोच लिहिला होता. राहिले सहा.

ॲरिझोनात सकाळचे साडेनऊ म्हणजे सोलापुरात रात्रीचे दहा. मामा आता 81 वर्षांचे आहेत, नऊला झोपतात, पण त्या शनिवारी जागे राहतात. रिंग पूर्ण वाजायच्या आत उचलतात.

"किती निघाले?"

"सहा, मामा. एक नर, पाच माद्या. सातवा खोडला."

"का खोडला?"

मी सांगितलं. ते हूं म्हणाले. मग मला कागद पहिल्यापासून वाचायला लावला, वेळ, दिशा, सगळं, आणि पलीकडे पेन्सिल कागदावर चालल्याचा आवाज येत होता, ते त्यांच्या वहीत उतरवून घेत होते. मग म्हणाले, जैसलमेरकडं माळढोकाची पिल्लं वाढवायला लागलेत म्हणे, तू वाचलंस का. मी म्हटलं वाचलं. नान्नजला आणतील का गं कधी. मी म्हटलं माहीत नाही मामा, आधी तारांचं आणि गवताचं काहीतरी करावं लागेल.

"आणलेच तर मला गाडीत घालून ने एकदा," ते म्हणाले. "लपण कुठं होतं ते आता कुणाला ठाऊक नाही. ती बाभळ असेल तर मी दाखवतो. आणि बाकीच्या घळींचं सांग की, शून्य कुणाकुणाला आलं?"

तीन घळींना आलं होतं. मी नावं सांगत गेले, आणि ते लिहीत गेले.